सत्तर पाहुणे, दोन दिवस आणि इंदूरचा डिसेंबर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात ५० वर्षं पूर्ण होतात. घर इंदुरातच, सुदामा नगरात. पाहुणे साधारण ७०. त्यातले निम्मे पुणे, मुंबई, नागपूरहून येणार, बाकीचे इथलेच नातेवाईक आणि बाबांचे हिंदीभाषक शेजारी-मित्र. दोन दिवस सगळे एकत्र राहावेत अशी तुम्हा भावंडांची इच्छा आहे. एका इव्हेंटवाल्यानं फुलांची कमान, एलईडी पडदा, डीजे आणि सत्तावीस पदार्थांचा बुफे असा आराखडा दिला आहे. लोकांच्या कायम लक्षात राहावं म्हणून याखेरीज आणखी काय करता येईल, असं तुम्ही विचारता.

मी इंदुरात घरगुती कार्यांची आखणी करून देते. मुंजी, साठीशांती, सहस्रचंद्रदर्शनं, अशीच घरची कार्यं. या अनुभवावरून सांगते, आणखी काही वाढवू नका, यातलं बरंच कमी करा. कार्य होऊन दोन-तीन वर्षांनी मी पाहुण्यांशी बोलते तेव्हा कमान कुठल्या फुलांची होती हे कुणाला आठवत नाही. ‘वहिनी माझ्याशेजारी अर्धा तास निवांत बसल्या होत्या’ हे आठवतं. ‘तिथे मला तीस वर्षांनी अमका भेटला’ हे आठवतं. आणि कुणी आपली विचारपूसच केली नाही, हेही तितकंच पक्कं आठवतं. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना दोनच प्रश्न विचारा. यामुळे आम्ही घरचे लोक पाहुण्यांजवळ बसायला मोकळे होऊ का? आणि पाहुणे एकमेकांशी बोलतील का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो खर्च सोडून द्या, मग तो कितीही देखणा असो.

आधी तारीख. लग्नाची खरी तारीख धरूनच बसायला हवं असं नाही. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनु राशीत जातो आणि संक्रांतीपर्यंत इकडे मलमास पाळतात. इथल्या हिंदी घरांतली लग्नं त्या महिन्यात थांबतात. नोव्हेंबरात आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जे हलवाई, टेंट हाउसवाले आणि मॅरेज गार्डनवाले फोन उचलायला तयार नसतात, ते दुसऱ्या पंधरवड्यात मोकळे असतात आणि दराचंही बोलता येतं. लग्नाचा वाढदिवस साजरा करायला मलमास आड येत नाही, पण घरात एखाद्या आत्याला किंवा काकांना ते खटकणार असेल तर आधीच विचारून घ्या, त्यांच्या मनात किंतु ठेवून कार्य करू नका. मात्र याच दिवसांत नाताळची सुट्टी लागते आणि गाड्या भरतात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमचा निरोप पाहुण्यांकडे त्याच्याही दोन आठवडे आधी पोचलेला हवा. मुंबईहून रात्रीची अवंतिका सोयीची, पुण्याकडून दौंड-इंदूर. दोन्ही रात्रीच्या प्रवासाच्या. तिकिटाचा फोटो मागवून ठेवा, कारण काही गाड्या महूपर्यंत जातात, काही लक्ष्मीबाई नगरलाच थांबवतात, आणि पाहुणा एका स्टेशनवर व आपली गाडी दुसऱ्या असं होऊ शकतं.

निरोप व्हॉट्सॲपवर पाठवा, हरकत नाही. पण साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन झालाच पाहिजे, आणि तो तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः करायचा. ‘येताय ना?’ एवढंच विचारलं तर ‘बघतो, प्रयत्न करतो’ असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: कुठल्या गाडीनं बघू तिकीट? जिना चढवतो का, की तळमजल्यावर खोली ठेवू? गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा काय आहेत? रात्री दूध लागतं का? कांदा-लसूण चालतं ना? एवढं विचारल्यावर माणूस मनानं निघालेलाच असतो. ही उत्तरं एका वहीत लिहा. माझ्याकडे प्रत्येक कार्याची अशी वही असते. पाहुण्याचं नाव, गाडी, खोली, पथ्य, आणि शेवटच्या रकान्यात ‘याला कुणाशी भेटवायचं’. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. काका रेल्वेत होते आणि बाबांचे समोरचे शेजारीही रेल्वेतून निवृत्त झाले असतील, तर ते त्या रकान्यात लिहून ठेवलेलं असावं. गर्दीत ऐनवेळी हे सुचत नाही. नुसतं ‘हे माझे काका’ असं म्हणून ओळख होत नाही, दोन माणसांच्या हातात बोलायला एक धागा द्यावा लागतो.

आता घरच्यांना मोकळं कसं करायचं ते सांगते. तुम्ही तिघं भावंडं आहात. तिघांनीही व्यवस्था बघायची नाही. एक विश्वासू भाचा किंवा मित्र स्वयंपाकाकडे, एक खोल्या आणि गाड्यांकडे, एक कार्यक्रमाच्या जागेकडे. निरोपात जो फोन नंबर द्याल तो या तिघांपैकी एकाचा असू दे, तुमचा नको. कार्याच्या दिवशी तुमचा फोनही त्याच्याच खिशात द्या. ‘आमचं स्टेशन आलं, गाडी कुठे आहे’, ‘गीझर चालत नाही’, ‘पनीर संपत आलं’, हे सगळं तुमच्यापर्यंत यायचंच नाही. पैसे देण्याचं कामसुद्धा आदल्या रात्री पाकिटं करून, वर नावं लिहून त्या तिघांत वाटून टाका. यजमान नोटा मोजत उभा आहे आणि मावशी निरोप घ्यायला थांबून अखेर तशाच निघाल्या, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: मॅरेज गार्डन नको, बंद सभागृह घ्या. माळव्याच्या रात्रींची ख्याती जुनी आहे, ‘शब-ए-माळवा’ असं तिचं कौतुक होतं, पण ती तरुण हाडांसाठी. डिसेंबरात इथला पारा रात्री दहाच्या खालीही उतरतो. हिरवळीवर दव पडतं, खुर्च्या ओल्या होतात, आणि सत्तरीची माणसं साडेआठलाच ‘निघतो’ म्हणतात. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं तीच आधी उठून जातात. सत्तर माणसांना मोठी जागा लागत नाही, आणि मोठ्या जागेत लोक कोपऱ्याकोपऱ्यात विखुरतात. सभागृह बघायला जाल तेव्हा झुंबर बघत बसू नका. तळमजल्यावर कमोड असलेली स्वच्छतागृहं किती, पायऱ्यांना कठडा आहे का, वीज गेली तर जनरेटरवर फक्त दिवे चालतात की स्वयंपाकघरही, खुर्च्यांना पाठ नीट आहे का, आणि टाळी वाजवल्यावर आवाज किती घुमतो, हे बघा. घुमणाऱ्या सभागृहात श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला शेजारच्याचंही बोलणं कळत नाही. जाड पडदे आणि खाली सतरंज्या घातल्या की ते बरंच सुधारतं.

मुक्कामाच्या खोल्या सभागृहाजवळ असाव्यात, चालत पाच मिनिटांवर असल्या तर उत्तम. टेंट हाउसमधून गाद्या-रजया मागवणार असाल तर खोळी धुतलेल्या पाहिजेत असं लिहून घ्या आणि आदल्या दिवशी दोन तास उन्हात टाका. सकाळी सहा ते आठ या वेळात आठ माणसांमागे एक गीझर पुरत नाही. बंब किंवा मोठ्या भगोण्यात पाणी तापवणारा एक माणूस ठेवा. प्रत्येक खोलीत पाण्याचा जार, पेले, ओडोमॉस, एक टॉर्च आणि दुसऱ्या दिवशीच्या वेळांचा कागद, मोठ्या अक्षरांत. कागदावर मराठी आणि हिंदी दोन्ही.

जेवणाकडे येते. इथे जरा थांबून सांगते, कारण सत्तावीस पदार्थांच्या बुफेत माणसं ताट हातात धरून उभी राहतात, रांगेत पाठमोरी असतात आणि खाऊन झालं की घराकडे वळतात. त्यातून बोलणं होत नाही. पदार्थ कमी करा, पण जे कराल ते गरम आणि त्या-त्या वेळेला शोभेलसं करा.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास प्रवासातून लोक येतील. पोहे-जिलबीच. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना घरचे फोडणीचे पोहे माहीत असतात, पण उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे, वर कच्चा कांदा, शेव, जिरावन (इथला चटपटीत कोरडा मसाला) आणि लिंबू असे पोहे त्यांना इथेच मिळतात. वाफेवर असल्यामुळे ते दोन तास मऊ राहतात, आणि पाहुणे वेगवेगळ्या गाड्यांनी येत असताना हेच हवं असतं. सत्तर माणसांना जाडे पोहे पाच किलो, शेव दीड किलो, जिलबी सहा किलो पुरते. जिलबी कढईतून थेट ताटलीत यावी. हलवायाला तिथेच बसवा, आधी करून आणलेली नको.

दुपारी दाल-बाफले. रव्यासारखं जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, थोडं मक्याचं, ओवा, हळद आणि तुपाचं भरपूर मोहन. गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे आणि तुपात बुडवायचे. उकडण्याची ही पायरी आहे म्हणून तो बाफला, नाहीतर ती बाटी. सत्तर जणांना पीठ ११ किलो, तुरीची डाळ साडेतीन किलो, तूप पाच-सहा किलो धरा. तूप तुम्ही स्वतः आणा, स्वयंपाकी महाराजांवर सोडू नका. सोबत लाडू, हिरवी चटणी, लसणाची चटणी, बस्स. हे जेवण साडेबाराला वाढायचं आणि त्यानंतर पाच वाजेपर्यंत काहीही ठेवायचं नाही. रात्रभर प्रवास केलेल्या आणि बाफले खाल्लेल्या माणसाला झोप येणारच. ती झोप कार्यक्रमपत्रिकेत धरा. इव्हेंटवाल्याच्या आराखड्यात दुपारी तीन ते पाच ‘फन गेम्स’ आहेत, ते काढून टाका. झोपून उठलेली माणसं संध्याकाळी किती मोकळेपणानं बोलतात ते तुम्ही बघालच.

साडेपाचला चहा आणि गराडू. गराडू हा हिवाळ्यातलाच कंद, इथे थंडी पडली की बाजारात येतो. सोलून, फोडी करून एकदा तळायचा, निववायचा, वाढायच्या आधी पुन्हा कडक तळायचा, वरून जिरावन आणि लिंबू. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून काम करणाऱ्याच्या हाताला तेल लावायला सांगा. कढई सभागृहाच्या दाराबाहेर ठेवा, पण माणसं तिच्याभोवती उभी राहू शकतील अशी जागा सोडा. थंडीत कढईभोवती उभी राहिलेली अनोळखी माणसं आपोआप बोलू लागतात, इंदूरच्या रस्त्यांवर रोज हेच चालतं.

आणि रात्री पंगत. टेबल-खुर्चीवरची, कारण गुडघे. पस्तीस-पस्तीसच्या दोन पंगती, पहिल्या पंगतीला ज्येष्ठ आणि लहान मुलं, पावणेआठला बरोबर. मधुमेह असलेल्या माणसांना ‘अजून अर्धा तास’ असं म्हणून थांबवणं हा नुसता गैरसोयीचा भाग नसतो, त्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. मेनू साधा ठेवा: वरण-भात-तूप, मसालेभात, पालकाची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, कोथिंबीर वडी, पुऱ्या, मठ्ठा. डिसेंबरात श्रीखंडापेक्षा गरम मुगाचा शिरा बरा, इथले हलवाई तो उत्तम करतात. तांदूळ दोन्ही भातांचा मिळून साडेपाच किलो.

पण पंगतीचं मला मोल वाटतं ते वाढण्यासाठी. वाढपी भाड्याचे घेऊ नका. तुमची मुलं, भाचे-पुतणे, पुण्याहून आलेली कॉलेजातली पोरं, हे वाढू देत. पंगतीच्या आधी त्यांना एकत्र बसवून ताटाची डावी-उजवी बाजू शिकवा, वरणावर तूप किती घालायचं, मीठ-लिंबू कुठे, आग्रह कसा करायचा आणि कुठे थांबायचं ते सांगा. प्रत्येकाकडे सहा-सात पाहुणे वाटून द्या आणि त्यांची नावं व नाती पाठ करायला लावा. ‘आजोबा, घ्या ना’ असं म्हणणं आणि ‘नाना आजोबा, मी शिरीषचा मुलगा, एक पुरी घ्या’ असं म्हणणं यात फार फरक पडतो. एरवी दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून बसली असती ती मुलं चाळीस मिनिटांत सगळं गोत ओळखू लागतात, आणि ज्येष्ठांना आपल्या माघारी हे घर एकत्र राहील असा भरवसा वाटतो. भाड्याचे दोन कसलेले वाढपी मागे राहू देत, मोठी पातेली उचलायला आणि गरम वरण आणायला. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम राहिलं पाहिजे, तसं ठेवता येत नसेल तर दोन तासांच्या आत वाढून संपवायचं. दुसऱ्या पंगतीचा भात आणि पुऱ्या पहिली पंगत उठत असतानाच व्हाव्यात, एकदम नव्हे, हे महाराजांना स्पष्ट सांगा.

जेवताना स्पीकर बंद. सनईही नको. सत्तर माणसांच्या बोलण्याचाच आवाज पुरेसा असतो.

हिंदीभाषक मंडळींना वेगळं टेबल देऊ नका. प्रत्येक पंगतीत त्यांच्या शेजारी अशी व्यक्ती बसवा जी सहज हिंदीत बोलेल आणि कोथिंबीर वडी म्हणजे काय, आमसूल कशाला घालतात हे सांगेल. इंदुरातली आपली मराठी माणसं यात तयारच असतात, ‘काय भिया’ म्हणत एका वाक्यात दोन भाषा बोलतात. अडचण होते ती पुण्याहून आलेल्यांची, त्यांना आधी सांगून ठेवा. सूत्रसंचालनही दोन्ही भाषांत. उखाणा मराठीतच घ्यावा, मग त्याचा अर्थ हिंदीत सांगावा. बाबांचे चाळीस वर्षांचे शेजारी अर्धवट हसत बसलेत असं दृश्य दिसू नये.

आता संध्याकाळचा कार्यक्रम. लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाला साठीशांतीसारखा ठरीव विधी नसतो. त्यामुळे तुम्ही मोकळे आहात, आणि म्हणूनच इव्हेंटवाले पुन्हा वरमाला, केक, नाच असं सगळं त्या मोकळ्या जागेत कोंबतात. आई-बाबांना खरंच हवं असेल तर वरमाला घाला. मी नेहमी आधी त्या दोघांना एकेकटं बसवून विचारते. अनेक आयांना स्टेजवर सगळ्यांसमोर हार घालायला संकोच वाटतो, पण मुलांचा हिरमोड नको म्हणून त्या गप्प राहतात. तुमच्या आईंना एकटं विचारा.

मी तुमच्या जागी असते तर सहा ते साडेसात हा दीड तास असा लावला असता. भिंतीलगत एक लांब टेबल. त्यावर पन्नास वर्षांतले पंचवीसेक फोटो, छापलेले, मोठ्या आकाराचे. प्रत्येकाशेजारी कोरा कागद आणि पेन्सिल. फोटोत कोण आहे, कुठला, कधीचा, हे पाहुण्यांनीच लिहायचं. एलईडी पडद्यावर तेच फोटो फिरवले तर लोक खुर्चीत बसून दोन मिनिटं बघतात. टेबलावर ठेवले की तिघे-चौघे वाकून वाद घालू लागतात, ‘हा १९८२ नाही, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता’ इथून सुरू होऊन मालवा मिलच्या भोंग्यापासून राजवाड्यासमोरच्या टांग्यांपर्यंत गोष्टी निघतात. त्या कागदांचा नंतर तुम्हाला खराखुरा उपयोग आहे, फोटोंमागची नावं सांगणारी माणसं पुन्हा एका ठिकाणी जमणार नाहीत. लग्नातले जुने कृष्णधवल फोटो नीट स्कॅन करून घ्या, मूळ प्रत टेबलावर ठेवू नका.

मग बोलणारे तीनच, प्रत्येकी चार-पाच मिनिटं: आईच्या माहेरचं एक, बाबांच्या नोकरीतलं किंवा शेजारातलं एक, नातवंडांतलं एक. तिघांनाही दोन आठवडे आधी सांगा की कौतुक नको, एकच प्रसंग सांगा, नावागावासकट. ‘आदर्श जोडपं’ असं म्हणणारी भाषणं कुणी ऐकत नाही. १९८४ साली शहरात संचारबंदी असताना आईनं शेजारच्या चार घरांना पोळ्या कशा पोचवल्या, असं कुणी सांगितलं तर सभागृह कानात प्राण आणून ऐकतं. ‘कुणाला बोलायचंय का?’ असं खुलं आवाहन मात्र करू नका. माईक एकदा हातात गेला की तो परत मिळत नाही आणि पंगत नऊवर जाते.

शेवटची चाळीस मिनिटं गाणं. डीजेच्या निम्म्या खर्चात इंदुरात किंवा देवासला चांगला तरुण गायक, तबला-पेटीसह मिळतो. या मुलखाला त्याची कमतरता नाही, उस्ताद अमीर खाँ इंदुरात राहिले आणि कुमार गंधर्वांनी देवासला घर केलं. ख्याल लांबवायला सांगू नका. एखादा राग थोडक्यात, दोन नाट्यपदं, एक माळवी निर्गुणी भजन, आणि आई-बाबांच्या तरुणपणची भावगीतं. अरुण दाते इंदूरचेच, त्यांची गाणी इथल्या श्रोत्यांना तोंडपाठ असतात आणि लोक सोबत गुणगुणतात. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहानंतर कायद्यानं मनाई आहे, पण गाणं जेवणाआधीच झालं की तो प्रश्न येत नाही, आणि जेवणानंतरचा वेळ नुसता गप्पांना राहतो. तो वेळ रिकामाच ठेवा. खुर्च्या गोलात फिरवा, शेगडी पेटवा, केशरी दूध फिरवा आणि बाजूला व्हा.

ज्यांचे पाय चालतात त्यांना रात्री साडेदहाला सराफ्यात पाठवा. सोन्या-चांदीची दुकानं मिटल्यावर तिथे खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्रीनंतरही चालतात. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचं पॅटिस, साबूदाणा खिचडी, आणि आपली शिकंजी. ही लिंबाची नसते, आटीव दुधाची घट्ट असते, हे बाहेरच्यांना आधी सांगा. गाड्या राजवाड्याजवळ लांब लावाव्या लागतात, रेटारेटी असते, म्हणून ज्येष्ठांना तिथे नेऊ नका. त्यांच्यासाठी रविवारी सकाळी न्यू पलासियातलं छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची गल्ली. आता तिथे वाहनं येत नाहीत, बसायला बाकं आहेत. तिथेच सगळ्यांचा नाश्ता करून टाका, त्या सकाळी स्वयंपाकघर बंदच राहू दे.

नाश्त्यानंतर राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, एवढंच. दोन्ही एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. लालबाग राजवाडाही करायचा असेल तर वेगळी गाडी ठेवा, सगळ्यांना ओढू नका. ‘महेश्वर राहिलं’ म्हणून कुणीतरी हटकून आग्रह धरेल. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर, जाता-येता पाच तास मोडतात आणि घाटावर घाईनं जाणं मला पटत नाही. ज्यांना अहिल्याबाईंचा वाडा आणि नर्मदा पाहायची आहे त्यांनी सोमवार राखून ठेवावा, असं निरोपातच लिहा.

कचऱ्याचं एक. इंदूरचे लोक ओला, सुका, प्लॅस्टिक असं वेगळं करण्यात मुरलेले आहेत, पण बाहेरचे पाहुणे सगळं एकाच डब्यात टाकतात आणि मग निगमची (महापालिकेची) गाडी घ्यायला नकार देते. डब्यांवर मोठी चित्रं लावा. ताटं स्टीलची घ्या, नाश्त्याला पळसाच्या पत्रावळी आणि दोने. प्लॅस्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर २०२२च्या जुलैपासून बंदीच आहे. उरलेलं अन्न कुठे द्यायचं ते आदल्या दिवशी ठरवा आणि दुसरी पंगत उठताच, गरम असतानाच पाठवा.

खर्चाचं विचारलंत. कमान, पडदा आणि डीजे गेले की जे पैसे वाचतील ते तीन ठिकाणी घाला: स्वच्छ, उबदार खोल्या, चांगलं तूप-दूध, आणि स्टेशनवर आणायला-पोचवायला पुरेशा गाड्या, प्रत्येक गाडीत घरचं एक माणूस बसलेलं. स्टेशनवर नावाची पाटी धरलेला ड्रायव्हर आणि ‘आत्या’ म्हणून हाक मारणारा भाचा यांत पाहुण्याला काय आवडतं ते सांगायला नको. परतभेट द्यायचीच असेल तर चांदीमुलाम्याच्या मूर्ती नकोत, त्या कपाटात जातात. बायकांना माहेश्वरीचा ब्लाउजपीस, पुरुषांना तिथल्याच सुती कापडाचं उपरणं, आणि सगळ्यांना घरी भाजून कुटलेल्या जिरावनची बाटली.

रविवारी दुपारी हलकं जेवण, मुगाची खिचडी, कढी, पापड. रात्रीच्या गाडीनं निघणाऱ्यांसाठी शिदोरी चारपर्यंत बांधून तयार हवी: तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या, लसणाची कोरडी चटणी, दोन लाडू, एक केळं. बटाट्याची भाजी देऊ नका, डब्यात ती रात्रीतून आंबते. प्रत्येक पुड्यावर नाव आणि डबा-बर्थचा नंबर लिहा, आणि ती पुडी स्टेशनवर निघणाऱ्या गाडीत आधी ठेवा, मग सामान. पोचवायला तुमच्यापैकी एकानं जायचं, आणि तेव्हाही फोन भाच्याकडेच राहू दे.